पाऊस की भजी? बनवलेल्या आवाजांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही पाऊस, पावलं, घंटा असे रोजचे आवाज रेकॉर्डिंग न करता संगणकावर कसे बनवतात ते लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. जत्रांच्या नाटकांची तयारी सुरू असल्यामुळे असेल, पण बहुतेक पत्रं नाटकवाल्यांची आहेत आणि तक्रार साधारण एकच आहे: आवाज बनतो, पण ऐकणाऱ्याला पटत नाही. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगतो. ऐकणारा माणूस आवाज मोजत बसत नाही. काय कशावर आपटलं, किती जोरात, कुठे, हे तो शोधतो. तेवढं आवाजात सापडलं की बाकीचं पुष्कळ तो माफ करतो.

प्रश्न: आमच्या नाटकाचा पहिला अंक मुसळधार पावसात, कौलारू घराच्या सोप्यावर घडतो. व्हाइट नॉइजला (रेडिओच्या खरखरीसारख्या एकसारख्या आवाजाला) फिल्टर लावून पाऊस तयार केला. तालमीला बसलेली मंडळी म्हणाली, "आत कोण भजी तळतंय?" चूक कुठे झाली?
— नाट्यमंडळाचे ध्वनिसंयोजक, फोंडा

उत्तर: भजी म्हणणाऱ्यांचा कान चांगला आहे. तापल्या तेलात आणि पावसात, दोन्हीकडे हजारो बारीक, सुटे टिचके एकमेकांत मिसळतात. एकेकाळी श्रुतिकांसाठी आवाज करणारे लोक तळणीचा आवाज पाऊस म्हणून वापरत, ते उगीच नाही.

थेंब विरळ असतात तोवर कान एकेक थेंब ऐकतो. ते दाट झाले की मोजणं सोडून देतो आणि फक्त गोळाबेरीज धरतो. जोश मॅक्डरमॉट आणि ईरो सिमॉन्सेली या संशोधकांनी २०११ मध्ये हीच गोळाबेरीज आकड्यांत पकडली. खऱ्या आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांतले चढउतार आणि त्यांचे परस्परसंबंध मोजायचे आणि तेवढ्याच आकड्यांवरून नवा आवाज बांधायचा. पाऊस, ओढा, किड्यांची किरकिर हे आवाज त्यातून पटण्याजोगे निघाले. ठेक्यातले ठोके, घंटानाद, माणसाचं बोलणं मात्र फसलं. तुम्ही केलेला पाऊस पहिल्या जातीचा आहे, पण सोप्यावर बसलेल्या माणसाला त्याच्याबरोबर दुसऱ्या जातीचं काहीतरी ऐकू येत असतं, ते म्हणजे पागोळ्या. त्याच तुमच्या पावसात नाहीत.

तीन थर करा. पहिला लांबचा घोष. त्याला व्हाइट नॉइज नको, पिंक नॉइज घ्या, त्यात वरच्या स्वरांची ताकद कमी असते. व्हाइटमध्ये प्रत्येक हर्ट्झला सारखी ताकद असते, त्यामुळे वरच्या सप्तकांत ती साचते आणि ती तळणीची 'सिस्स' तिथूनच येते. २०० हर्ट्झखालचं आणि ६ किलोहर्ट्झवरचं कापा. पातळी ३ ते ८ सेकंदांत, अनियमितपणे, एक ते तीन डेसिबल वरखाली होऊ द्या. सर एकसारखी कधी कोसळत नाही.

दुसरा थर कौलांवरच्या जवळच्या थेंबांचा. मातीच्या कौलावर थेंब 'टप्' वाजतो, बोदा, लगेच विरणारा. एकेक थेंब ५ ते २० मिलिसेकंदांचा पुरे. चूक होते ती अंतरांत. दर ३० मिलिसेकंदांना थेंब आणि थोडी इकडेतिकडे सूट असं ठेवलंत तर शिवणयंत्र ऐकू येतं. त्याऐवजी दर मिलिसेकंदाला फासा टाका आणि शंभरात तीन वेळा थेंब पडू द्या. सरासरी सेकंदाला ३० थेंबच पडतील, पण कधी चार एकदम, कधी मध्येच पोकळी. जोरही सारखा नको. बहुतेक थेंब हळू, मोजके मोठे, आणि सगळ्यांत हळू व सगळ्यांत मोठा यांत २० डेसिबलचं अंतर ठेवा. घर पत्र्याचं असतं तर गणित बदललं असतं, कारण पत्रा स्वतःच वाजतो.

तिसरा थर पागोळ्यांचा. चार ते सहा धारा घ्या, प्रत्येकीची गती निराळी, सेकंदाला दोन ते पाच थेंब, आणि त्या गतीत फार तर ५ ते १० टक्के फरक. अंगणातल्या साचलेल्या पाण्यात थेंब पडतो तेव्हा जो 'डुब्' ऐकू येतो तो पाण्यावरच्या आपटीचा नसतो, आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचा असतो. त्याचा स्वर किती हे मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये काढून ठेवलं आहे. बुडबुड्याच्या त्रिज्येच्या मिलिमीटरनी ३.२६ ला भागा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये मिळतं. म्हणजे १ मिलिमीटरला सुमारे ३.३ किलोहर्ट्झ, २ ला १.६, ३ ला १.१. असा साधा सूर १० ते ४० मिलिसेकंदांत विरवा आणि शेवटाकडे किंचित चढता ठेवा. तीन-चार मापांचे बुडबुडे मिसळले की साचलेलं पाणी दिसू लागतं.

आता एकेक थर बंद करून ऐका. घोष बंद केलात तर पाऊस ओसरल्यासारखा वाटेल, पण पाऊसच वाटेल. पागोळ्या बंद केल्यात तर कढई परत चुलीवर.

प्रश्न: कॉलेजच्या प्रकल्पासाठी दहा रोजचे आवाज संगणकावर बनवले. दहा मित्रांना ऐकवले, सगळ्यांनी "एकदम खरे" म्हटलं. सर म्हणतात ही चाचणी नव्हे. मग चाचणी कशी करायची?
— विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर: सर बरोबर आहेत. मित्रांना आवाज तुम्ही केलेत हे माहीत होतं आणि तुलनेला समोर खरा आवाज नव्हता.

आधी कोणता प्रश्न विचारायचा ते ठरवा. 'हा कशाचा आवाज?', 'किती खरा वाटतो?' आणि 'या दोहोंपैकी माइकवर घेतलेला कोणता?' हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्धही जातात. कार्टूनमधली दाराची करकर शंभरातले शंभर ओळखतील, खरी एकही म्हणणार नाही. उलट सेलोफेन चुरगळल्याचं अस्सल रेकॉर्डिंग पुष्कळांना आग वाटतं. आणि 'चांगला आहे का?' असं तर चुकूनही विचारू नका. लोक गोडव्याला गुण देतात, खरेपणाला नाही.

तयारी अशी करा. प्रत्येक जातीच्या बनवलेल्या आवाजाला त्याच जातीची खरी रेकॉर्डिंगं जोडा, शक्यतो दोन-तीन वेगळ्या जागी घेतलेली. शिवाय एक मुद्दाम बिघडवलेला आवाज ठेवा. त्यालाही जो भरघोस गुण देतो तो ऐकत नाहीये हे कळतं. लांबी सारखी हवी: पावलं, दार अशांना ४ ते ५ सेकंद, पाऊस-वारा यांना ८ ते १०. सुरुवात-शेवट २० ते ५० मिलिसेकंदांत उतरता करा, नाहीतर कापल्याचा 'टिक्' येतो. सगळ्या फायली ४८ किलोहर्ट्झ, एकाच प्रकारच्या.

मग पातळी. किंचित मोठा आवाज नेहमी जास्त भरीव, जास्त खरा वाटतो. म्हणून सगळे आवाज एका मोठेपणावर आणा, अर्ध्या डेसिबलच्या आत. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे, उणे २३ एलयूएफएस (मोठेपणा मोजायचं एकक) ठेवा. फक्त एका ठोक्याच्या आवाजाला हे माप फसवतं, कारण ते ४०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांवर चालतं. तिथे कानानेच जुळवा.

बहुतेक प्रकल्प पुढच्या गोष्टीत आपटतात. तुमच्या रेकॉर्डिंगमागे पंखा आहे, लांबचा रस्ता आहे, माइकची हलकी सरसर आहे. बनवलेल्या आवाजामागे ठार शांतता आहे. ऐकणारा दोन-तीन आवाजांतच ओळखतो: शांतता असली की खोटा. तो तुमचं दार ऐकतच नाही, दारामागची शांतता ऐकतो. रिकाम्या खोलीची अर्ध्या मिनिटाची पार्श्वभूमी रेकॉर्ड करा आणि ती दोन्ही प्रकारांखाली सारखी घाला.

ऐकणारे २० तरी हवेत, तुमच्या वर्गाबाहेरचेही. बंद कपांचे हेडफोन, शांत खोली, दुपारच्या सुट्टीतला कॉरिडॉर नव्हे. प्रत्येकाला क्रम वेगळा. काही आवाज न सांगता दोनदा ठेवा. त्याच आवाजाला आधी २ आणि मग ६ गुण देणाऱ्याचे आकडे बाजूला काढावे लागतात. अर्ध्या तासावर कोणाला बसवू नका, कान थकतो.

इंटरनेटवर तुम्हाला मुश्रा नावाची पद्धत सापडेल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस १५३४ शिफारशीतली. ० ते १०० गुण, समोर मूळ आवाज, शिवाय तोच मूळ आवाज नमुन्यांत लपवलेला आणि ३.५ व ७ किलोहर्ट्झवर कापलेले मुद्दाम वाईट नमुने. पंधरा टक्क्यांहून जास्त वेळा लपवलेल्या मूळ आवाजाला ९० पेक्षा कमी देणारा बाद. पद्धत कडक आहे, पण ती दाबलेल्या ध्वनिफायलींसाठी बनली, जिथे मूळ आवाज हाच प्रमाण असतो. पावसाचा मूळ कोणता? समोर एक पाऊस ठेवलात की लोक 'याच्यासारखा किती' याला गुण देतात, 'खरा किती' याला नाही. तुमच्या प्रकल्पाला एकेक आवाज ऐकवून विचारणं बरं: "हा प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीचा, माइकवर घेतलेला आहे, की बनवलेला?"

आकडे मांडताना खऱ्या रेकॉर्डिंगचाही आकडा द्या. समजा २० बनवलेल्यांपैकी १४ ना कोणी 'खरा' म्हटलं. ऐकायला छान. पण त्याच माणसाने २० खऱ्यांपैकी १५ ना 'खरा' म्हटलं असेल तर दोहोंत त्याला फरक कळला नाही, आणि २० पैकी २० ना म्हटलं असेल तर चांगलाच कळला. १४ तेच, अर्थ उलटा. खऱ्या रेकॉर्डिंगला शंभर टक्के मिळतील अशी अपेक्षाही ठेवू नका. त्यांना जे मिळेल तीच तुमची कमाल मर्यादा.

जोडीतून खरा निवडायला सांगितलंत तर २० पैकी १५ किंवा जास्त बरोबर आल्यावरच 'फरक ओळखू येतो' म्हणा. नुसत्या नाणेफेकीवर १५ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे २ टक्के आहे, १४ किंवा जास्तची जवळजवळ ६. आणि १२ आले म्हणून 'फरक नाहीच' असं सिद्ध होत नाही. जोड्या वाढवा.

आणखी एक, खास आपल्याकडचं. 'काय घडतंय असं वाटलं?' हा मोकळा प्रश्न ठेवलात तर उत्तरं कोकणीत, मराठीत, इंग्रजीत येतील. येऊ द्या. 'पत्र्यार पावस' आणि 'टिनवर रेन' हे एकच उत्तर आहे. शब्द मोजू नका, घटना मोजा: कोणती वस्तू, कशावर, कशी. आणि हा प्रश्न वेगळ्या गटाला विचारा. ज्याने आधी नाव वाचलं त्याला ते आवाजात ऐकू येतंच.

प्रश्न: विंगेतून कोणी चालत येतंय असं दाखवायला पावलांचा आवाज लावतो. तिसऱ्या पावलाला लोक हसतात.
— साखळी

उत्तर: कारण तिसऱ्या पावलाला त्यांना कळतं की हे तेच पाऊल आहे. एकच नमुना हुबेहूब पुन्हा वाजला की कान तो लगेच पकडतो; कुठलाही माणूस दोनदा तंतोतंत सारखा पाय टाकत नाही. किमान आठ-दहा नमुने ठेवा, तोच नमुना लागोपाठ वाजू देऊ नका, जोर दोन-तीन डेसिबल आणि स्वर दोन-तीन टक्के हलू द्या.

पण नुसती यदृच्छा घातलीत तर दारुडा चालतो. चालण्यात लय असते. नेहमीच्या चालीला मिनिटाला १०० ते १२० पावलं, म्हणजे दोन पावलांत ५०० ते ६०० मिलिसेकंद. यात ३ ते ५ टक्क्यांहून जास्त फरक नको, आणि डावं-उजवं किंचित वेगळं ठेवा, कारण सगळे डावे एकमेकांसारखे असतात. बुटाच्या पावलात दोन आवाज असतात, आधी टाच, मग साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाने चवडा. जिना चढताना आधी चवडाच पडतो. तिथे टाचेचा ठोका वाजला तर माणूस जिना उतरतोय की चढतोय कळेनासं होतं. थांबताना शेवटची दोन पावलं लांबतात आणि मागचा पाय ओढला जातो. ही ओढ सगळे विसरतात.

आणि तुमच्या नाटकातला माणूस बुटात आहे का? हवाई चपलेचं गणित निराळं. तळ जमिनीला लागतो तो एक बोदा आवाज. मग टाच वर उचलली जाते, चपलेचा मागचा भाग मागाहून येऊन टाचेवर आपटतो, तो 'चट्'. ही 'चट्' पाऊल पडताना वाजत नाही, उचलताना वाजते. ती पावलाच्या ठोक्यावरच बसवलीत तर लोकांना नेमकं काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण हसतील.

प्रश्न: बाटली पडून फुटल्याचा आवाज बनवला. लोकांना ती फुटली असं वाटतच नाही.
— डिचोली

उत्तर: काचेचा स्वर कितीही नेमका केलात तरी हे सुटणार नाही, कारण फुटणं स्वरात नसून वेळेत असतं. वॉरेन आणि व्हरब्रुग या संशोधकांनी १९८४ मध्ये हे सुंदर दाखवलं. फुटलेल्या बाटलीच्या चार तुकड्यांचे आवाज त्यांनी सुटे घेतले. चौघांना एकाच चालीवर उसळवलं, की ऐकणाऱ्यांना एक अखंड बाटली उसळत थांबलेली वाटली. चौघांना चार स्वतंत्र चाली दिल्या, की ती फुटली. काच तीच.

म्हणून असं करा. सुरुवातीला फुटण्याचा एक छोटा कडाका, ३० ते ५० मिलिसेकंदांचा. मग सहा-आठ तुकडे, प्रत्येकाची स्वतःची उसळी. उसळीचं अंतर दर वेळी ठरावीक पटीने कमी होतं: पहिलं २०० मिलिसेकंद आणि पट ०.६ घेतली तर पुढे १२०, ७२, ४३, २६. प्रत्येक तुकड्याला पट आणि पहिलं अंतर वेगळं. लहान तुकड्याचा स्वर उंच, उसळ्या लवकर संपणाऱ्या. एक तुकडा उशिरापर्यंत फरशीवर गिरकी घेत ठेवलात तर आणखी छान, पण एकच.

प्रश्न: नाटकात देऊळ आणि इगर्ज (चर्च) दोन्हींच्या घंटा हव्यात. बनवलेली घंटा प्लास्टिकच्या वाटीसारखी का वाजते?
— पणजी

उत्तर: सगळे उपस्वर एकदम विरत असतील, आणि तेही लवकर. वस्तू कशाची हे कान मुख्यतः विरण्यावरून ठरवतो. धातू आणि काच लांबतात, लाकूड आणि प्लास्टिक चटकन विझतात. हे दोन गट लोक सहज वेगळे करतात, पण गटातल्या गटात, म्हणजे धातू की काच, गोंधळतात. शिवाय वरचे उपस्वर आधी विरले पाहिजेत.

इगर्जीच्या सुरात लावलेल्या घंटेचं प्रमाण ठरलेलं आहे. मुख्य स्वर १ धरला तर खाली ०.५ चा घुमारा, वर १.२, १.५ आणि २. आकड्यांत घ्यायचं तर २००, ४००, ४८०, ६०० आणि ८०० हर्ट्झ. विरण्याचे काळ अनुक्रमे १२, ६, ५, २ आणि ३ सेकंद ठेवून सुरुवात करा. वर १२०० आणि १६०० एकेक सेकंदाचे. ठोक्याला १० ते २० मिलिसेकंदांचा लोळीचा खणखणाट. पंचमाला मुद्दाम कमी काळ दिला आहे, तो घंटेत दुबळाच असतो.

एवढ्यावर घंटा वाजेल, पण इलेक्ट्रिक बेलच्या थाटात. कोणतीही ओतीव घंटा अगदी गोल नसते, त्यामुळे प्रत्येक उपस्वर जवळजवळच्या दोन स्वरांचा असतो आणि त्यांच्या भांडणातून हेलकावा येतो. २०० बरोबर २००.४ ठेवा, अडीच सेकंदांचा हेलकावा मिळेल. ४८० बरोबर ४८१ ठेवा, सेकंदाला एक. घंटा जुनी वाटायला लागते ती इथून. पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची मोठी घंटा, जी जुन्या गोव्यातल्या पडझड झालेल्या ऑगस्टिनियन मठातून आणली, ती वाजते तेव्हा शेवटच्या ठोक्यानंतरचा हेलकावा नीट ऐका.

देवळातल्या घंटेला हीच प्रमाणं लावू नका. १.२ चा तो कोमल गंधार युरोपी घंटांच्या घडणीतला आहे, प्रेक्षकाला नाव सांगता आलं नाही तरी त्याला इगर्जच आठवते. देवळातल्या घंटेचा एक ठोका फोनवर घ्या, ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम (कोणत्या स्वराला किती ताकद याचा आलेख) काढा, सहा-सात शिखरं वाचा आणि ते आकडे भरा.

प्रश्न: पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगा आम्ही खरा, सायकलवाल्याला थांबवून रेकॉर्ड केला. प्रेक्षक म्हणाले, बनावट वाटतो. आता काय करायचं?
— मडगाव

उत्तर: माइक भोंग्यापासून वीतभर अंतरावर धरला असेल. पोदेराचा भोंगा इतक्या जवळून कोण ऐकतं? तो आपण अंथरुणातून, भिंतीपलीकडून, येताना ऐकतो. तुमचं रेकॉर्डिंग खरं आहे, पण तसं ऐकलेलं कोणाच्या आठवणीत नाही, आणि पडताळणी आठवणीशीच होते. (बर्फावरच्या पावलांचा आवाज कॉर्नफ्लॉवरची पिशवी दाबून करतात आणि गोव्यात जन्म काढलेल्या माणसालाही तो पटतो. त्याने बर्फ पाहिलाय तो सिनेमातच.)

उपाय सोपा. रेकॉर्डिंग तेच ठेवा. ४ ते ५ किलोहर्ट्झवरचं उतरतं करा, अर्ध्या सेकंदाचा रिव्हर्ब (खोलीतला घुमारा) द्या, लांब असताना रिव्हर्ब जास्त आणि मूळ आवाज कमी. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर ६ डेसिबल घटतात. ४० मीटरवरून ५ मीटरवर येताना १८ डेसिबल वाढले पाहिजेत, आणि ताशी १५ किलोमीटरच्या सायकलला त्याला सुमारे ८ सेकंद लागतात. स्वर बदलण्याचा मोह आवरा. या गतीला येतानाचा आणि जातानाचा स्वर मिळून हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या निम्म्याहूनही कमी फरक पडतो. सॉफ्टवेअरमधला डॉपलर (येता-जाता स्वर बदलणारा परिणाम) तयार ठेवणीवर लावलात तर पोदेर मोटारसायकलच्या शर्यतीतून पाव विकतोय असं वाटेल.

आणि भोंगा अखंड वाजवू नका. दोन 'पों', दुसरा किंचित दमलेला कारण रबराचा फुगा अजून पुरता भरलेला नसतो, मग पोकळी, मग जवळून पुन्हा.

प्रश्न: आता वाक्य लिहिलं की एआय आवाज बनवून देतं. मग हा सगळा खटाटोप कशाला? आणि तो आवाज चांगला आहे हे कसं तपासायचं?
— वाळपई

उत्तर: जिथे चालतो तिथे खुशाल वापरा. संशोधकही या आवाजांची परीक्षा शेवटी माणसांच्या कानांवरच घेतात. २०२३ च्या डीकेस या ध्वनिसंशोधनाच्या स्पर्धेत यासाठी वेगळा विभाग होता: कुत्र्याचं भुंकणं, पावलं, बंदुकीचा बार, कीबोर्ड, वाहन, पाऊस आणि शिंक-खोकला असे सात प्रकार, प्रत्येक आवाज ४ सेकंदांचा. आधी फ्रेशे ऑडिओ डिस्टन्स नावाचं यांत्रिक माप, मग माणसांची ऐकण्याची चाचणी. यांत्रिक माप आवाजांच्या अख्ख्या ढिगाची तुलना दुसऱ्या ढिगाशी करतं. तुमच्या हातातला एकच पाऊस पटतो की नाही, ते ते सांगत नाही.

तपासायला आधी स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार कोणते स्वर वाजतात याचं चित्र) उघडा. ८ किलोहर्ट्झवर सगळं सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर आवाज १६ किलोहर्ट्झच्या नमुनादराने बनला आहे. मोठ्या हॉलमध्ये तो कांबळ्याखालून आल्यासारखा वाटेल. मग ठोक्यांच्या सुरुवाती पाहा. खऱ्या ठोक्याची कड उभी असते, या आवाजांत ती बऱ्याचदा फासलेली असते. शेवटी डोळे मिटून एकच विचारा: खोली बदलते का? सुरुवातीची दोन पावलं दिवाणखान्यात आणि पुढची दोन न्हाणीघरात, असं होत असेल तर आवाज टाकून द्या, ईक्यूने (स्वरपट्ट्या कमीजास्त करून) ते दुरुस्त होत नाही. 'पाऊस' एवढंच लिहिलंत तर मोटारीच्या काचेवरचाही येऊ शकतो. कौलं, अंगण, पागोळ्या, माइक कुठे, सगळं लिहा, आणि तरीही पागोळ्या आल्या नाहीत तर त्या वर सांगितल्याप्रमाणे हाताने घाला.

प्रश्न: समुद्राची गाज लूपवर लावली. दहा मिनिटांनी लोकांना लूप कळतो.
— काणकोण

उत्तर: लूपमध्ये एखादा कावळा, एखादी जास्त फुटलेली लाट राहिली असेल, ती काढा. मग एक लूप ३७ सेकंदांचा आणि दुसरा ५३ सेकंदांचा घ्या, दोन्ही एकत्र चालवा. दोन्ही पुन्हा एकत्र सुरुवातीला येतील ते १,९६१ सेकंदांनी, म्हणजे साडेबत्तीस मिनिटांनंतर. तोवर अंक संपतो.

प्रश्न: हेडफोनवर सगळं खरं वाटतं, देवळाच्या मांडवात वाजवलं की खोटं. काय करावं?
— पेडणे

उत्तर: मांडवातले कर्णे खालचा आणि वरचा भाग गिळतात. घोष जातो, थेंबांची धार जाते आणि मधला सपाट गोंगाट तेवढा उरतो. म्हणून आवाज ठरवायची शेवटची तालीम त्याच कर्ण्यांवर करा, मागच्या रांगेत बसून. पाऊस संवादाखाली जाईल इतका हळू करा आणि पात्राने भिजून आत येण्याआधी निदान पाच सेकंद सुरू करा. पावलं आणि दार कर्ण्यांवर देऊच नका. विंगेत एक छोटा स्पीकर जमिनीवर ठेवा, जिथून माणूस येणार आहे तिथेच. माणूस उजवीकडून येतोय आणि पावलं डोक्यावरून ऐकू येतायत, हे कुठल्याही नमुन्याने झाकता येत नाही. दार तर खरंच असेल, तर खरंच आपटा.